गिअरबॉक्सचं ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? सील बदलण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सची गळती घेऊन कोणी आलं की मी आधी एकच विचारतो, यापूर्वी काय काय बदललं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. सील बदललं, काही महिने बरं गेलं, आता परत डाग पडतोय. रबर जुनं होतं, उष्णतेनं कडक पडतं आणि त्याची ओठासारखी कड शाफ्टला नीट चिकटत नाही, हे खरंच आहे. पण नवं सील थोड्याच दिवसांत गळायला लागलं तर दोष सहसा सीलचा नसतो. आत दाब साठत असतो, ऑइल जास्त भरलेलं असतं, शाफ्ट हलत असतो, नाहीतर गळती मुळात दुसऱ्याच जागेची असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं.

लक्षणं

गाडीखालचा डाग हे सगळ्यात ठळक लक्षण, पण तो नसला म्हणजे गळती नाही असं समजू नका. गाडीखाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर ऑइल त्यातच साठतं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. कधी ते गरम सायलेन्सरवर पडून जळतं. मग सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो आणि खाली मात्र सगळं कोरडं असतं.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी झालं की बेअरिंग गुणगुणायला लागतात. आवाज वेगाबरोबर चढतो, काही वेळा एखाद्याच गिअरमध्ये जास्त येतो. ज्या जुन्या गाड्यांत पाचवा गिअर गिअरबॉक्सच्या टोकाला वेगळ्या कव्हरखाली असतो, तिथे ऑइलची टंचाई आधी पाचव्याला जाणवते. गिअर टाकताना घासल्यासारखं होणं ही त्यापुढची पायरी. ऑटोमॅटिकमध्ये गिअर उशिरा लागतो, डी मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून निघते, वळणावर किंवा चढावर इंजिन नुसतंच रेस होतं.

मॅन्युअल गिअरबॉक्समुळे गाडीचा मालक सहज फसतो. बहुतेक गाड्यांत त्याला डिपस्टिक नसते, डॅशबोर्डवर दिवाही नसतो. छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल साधारण २ ते २.५ लिटर असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी जवळपास पाव हिस्सा गेला, आणि गाडी काही सांगत नाही.

हे ऑइल नक्की गिअरबॉक्सचंच आहे का?

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पेनानं लिहून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते कळतं, आणि पांढऱ्यावर ऑइलचा रंगही खरा दिसतो.

ऑटोमॅटिकचं ऑइल बहुतेक करून लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल ऑइल घालतात. काही कूलंटही लाल किंवा गुलाबी असतात, पण ते पाण्यासारखे पातळ असतात आणि त्यांना गोडसर वास येतो. मॅन्युअलचं गिअर ऑइल जाड, मधाच्या रंगाचं आणि गंधकाच्या उग्र वासाचं असतं. तो वास एकदा ओळखीचा झाला की चूक होत नाही. इंजिन ऑइल काळपट असतं. ते वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून निघून इंजिनच्या पाठीवरून खाली उतरतं आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकतं, त्यामुळे गिअरबॉक्सवर नाहक आळ येतो.

आणखी दोन गोष्टींवरून गोंधळ होतो. हायड्रॉलिक क्लचचा सिलिंडर गळला तर ब्रेक ऑइल गिअरबॉक्सच्या अंगावर येतं. ते पातळ, पिवळसर असतं, रंग खरवडून काढतं आणि क्लचचं पेडल मऊ पडलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक्सलचा रबरी बूट. तो फाटला की काळं, चिकट ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोलाकार उडतं. ते ऑइल नव्हे. तिथे बूट बदलायचा, सील नाही.

पहिली तपासणी: लेव्हल

लेव्हल कमी आहे का हे सगळेच पाहतात. जास्त आहे का हे फार कमी लोक पाहतात. जास्त भरलेलं ऑइल आत फिरणाऱ्या गिअरनी घुसळलं जातं, त्याला फेस येतो, ते तापतं आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर जायच्या छोट्या वाटेतून, बाहेर पडतं. मग ते सगळ्या अंगावरून ओघळतं आणि वाटतं की प्रत्येक जोड गळतोय. अशा गाडीत सील बदलून काहीच होत नाही, जादा ऑइल काढलं की गळती थांबते.

मॅन्युअल गिअरबॉक्सला बाजूला लेव्हलचा प्लग असतो. गाडी पूर्ण सपाट हवी. फक्त पुढची चाकं उचलून प्लग उघडला तर लेव्हल चुकीचीच दिसणार. चारही बाजू सारख्या उचला, नाहीतर गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. प्लग काढून बोट आत वाकवा. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. काही मॉडेलमध्ये पद्धत वेगळी असते, तिथे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेच खरं.

ऑइल काढायची वेळ आलीच तर आधी भरायचा प्लग उघडतो का ते पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग सोडा. जुन्या गाडीत भरायचा प्लग गंजून बसलेला असतो. ऑइल खाली काढलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही.

ऑटोमॅटिकला डिपस्टिक असेल तर सपाट जागी, ऑइल चालून गरम झाल्यावर आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून लेव्हल पाहतात. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवा, मग काडी काढा. काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच पाहायला सांगतात, म्हणून पुस्तिका उघडाच. डिपस्टिक नसेल तर लेव्हल ठरावीक तापमानाला खालच्या प्लगमधून पाहावी लागते, कारण ऑइल तापलं की फुगतं आणि थंड-गरम अवस्थेत बराच फरक पडतो. तापमान मोजायचं साधन नसेल तर ही तपासणी घरी करू नका.

टॉप-अप करताना ग्रेड बदलू नका. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलची एक प्रत) सांगितलं असेल तर जीएल-५ जास्त चांगलं म्हणून घालू नका. त्याच्या निसरडेपणामुळे गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगची पकड कमी होऊ शकते. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, साधं ऑटोमॅटिकचं ऑइल तर मुळीच चालत नाही.

दुसरी तपासणी: ब्रीदर

माझ्या मते याच छोट्या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला एक छोटी धातूची टोपी किंवा रबरी नळी असते. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि या वाटेनं बाहेर जाते. चिखल, धूळ आणि ऑइल यांचा थर बसून ती बुजली की हवेला दुसरी वाट उरत नाही. दाब सीलच्या ओठाला ढकलतो आणि ऑइल सर्वांत कमकुवत सीलमधून बाहेर येतं. ते सील बदललं की दाब पुढच्या कमकुवत सीलकडे वळतो. एकदा डाव्या बाजूचं, मग उजव्या बाजूचं, मग सिलेक्टरचं (गिअर बदलणाऱ्या दांड्याचं) असं एकामागून एक सील जायला लागलं तर आधी ब्रीदरच पाहा.

टोपी असेल तर इंजिन थंड असताना बोटानं फिरवून पाहा, ती सैल फिरली पाहिजे. नळी असेल तर ती कुठे चिमटली, वितळली किंवा बुजली नाही ना ते बघा. ब्रीदर निघत असेल तर काढून सॉल्व्हंटनं धुवा. जागेवरच जोरात हवा मारली तर कचरा आत ढकलला जाईल. सफाईनंतर गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा आणि गळती कमी होते का ते पाहूनच पुढचं ठरवा.

तिसरी तपासणी: धुवा, चालवा, पाहा

मळलेल्या गिअरबॉक्सवर गळती शोधणं अशक्य आहे. डिग्रीझर आणि ब्रशनं बाहेरून पूर्ण धुवून कोरडा करा. इलेक्ट्रिक कनेक्टर आणि ब्रीदरवर जोराचं पाणी मारू नका. मग १५-२० मिनिटं गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन खाली जा.

इथे सुरक्षेचं आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जमीन कडक आणि सपाट हवी, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि अंगाचा भार देऊन हलवून पाहा. सायलेन्सर भाजतो, तो थोडा निवू द्या.

ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे पसरतं. म्हणून ओला झालेला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधा, गळती तिथेच आहे. खाली लोंबणारा थेंब फक्त ऑइल कुठे जमा झालं ते सांगतो. गळती अगदी संथ असेल तर कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर शिंपडा. ओल आली की पावडरीवर गडद रेघ उमटते. त्यानंही जागा कळली नाही, तर त्या ऑइलला चालणारा यूव्ही रंग मिसळून खास दिव्याखाली पाहता येतं.

गळती कधी होते हेही लिहून ठेवा. उभ्या गाडीत थेंब पडत असेल तर संशय ऑइलच्या पातळीखालच्या जागांवर घ्या, म्हणजे ड्रेन प्लग, चेंबरचं (तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग, एक्सलची सील. फक्त चालताना गळत असेल तर ऑटोमॅटिकमध्ये कूलरचे पाइप आणि पंपाचं सील पाहा, कारण तिथे दाब इंजिन चालू असतानाच तयार होतो. ऑटोमॅटिक गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावरच गळते असाही प्रकार असतो. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं, पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी कोरडं राहणारं सिलेक्टर शाफ्टचं सील किंवा डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग गळायला लागते.

चौथी: प्लग, वॉशर आणि चेंबरचं पॅकिंग

ड्रेन प्लगखालचं अॅल्युमिनियमचं किंवा तांब्याचं वॉशर दबून सील करतं, म्हणून ऑइल बदललं की वॉशर नवं घाला. जुनं वॉशर गळलं की लोक प्लग आणखी आवळतात. गिअरबॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची असते. आटे गेले की वॉशरचं काम बॉडीच्या दुरुस्तीवर जातं. पुस्तिकेत दिलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, तेवढाच द्या.

ऑटोमॅटिकच्या चेंबरचंही असंच होतं. त्याचे छोटे बोल्ट बहुतेक गाड्यांत साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात, म्हणजे लहान पान्याला मनगटाचा जोर पुरतो. जास्त आवळलं की पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी वाकते, पॅकिंग मधल्या जागेत दबत नाही आणि तिथून पाझर सुरू होतो. चेंबर काढलात तर कडेवर सरळ पट्टी ठेवून पाहा. वाकली असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सरळ करा. पॅकिंगचे दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ हवेत, बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. कंपनीनं सांगितलं नसेल तर पॅकिंगवर सिलिकॉन थापू नका. आत दाबला गेलेला तुकडा सुटून फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

चेंबर उघडलाच आहे तर आतलं चुंबक पाहा. करडा, मऊ लेप नेहमीचा असतो. धातूचे चकचकीत तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर गळती हा दुय्यम प्रश्न झाला.

पाचवी: कूलरचे पाइप आणि छोट्या ओ-रिंग

ऑटोमॅटिकचं ऑइल थंड करायला पाइपांतून रेडिएटरकडे जातं. जुन्या गाडीत लोखंडी पाइप ब्रॅकेटखाली गंजतो आणि रबरी तुकडा क्लिपपाशी तडकतो. नुसती क्लिप आवळल्यानं कडक झालेलं रबर सुधारत नाही. ट्रान्समिशनच्या ऑइलसाठी आणि त्या तापमानासाठी बनवलेलाच पाइप लावा, कूलंटचा पाइप इथे थोड्या दिवसांत फुगतो.

गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, बाहेर कुठेच ओल नाही आणि रेडिएटरच्या पाण्यावर तवंग किंवा दुधाळ गुलाबी गाळ दिसतोय, तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटला आहे. गाडी तिथेच थांबवा. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की आतल्या क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं.

केबलवर चालणारा स्पीडोमीटर असेल तर त्याच्या पिनियनची (केबल फिरवणाऱ्या छोट्या गिअरची) ओ-रिंग आणि सील पाहा. तिथून निघालेलं ऑइल कधी कधी केबलमधून वर चढतं. ओ-रिंग बदलणं सोपं काम आहे.

सहावी: एक्सलची सील

इथून पुढे खरी मेहनत आहे. एक्सलचा गिअरबॉक्सकडचा जॉइंट हातात धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या बाजूच्या एक्सलशी तुलना करा. एकीकडे स्पष्टपणे जास्त खेळ असेल तर आतलं बुश किंवा बेअरिंग झिजलंय. हलणाऱ्या शाफ्टवर नवं सील फार दिवस तग धरत नाही.

एक्सल काढल्यावर सील जिथे घासतं तो पट्टा पुसून त्यावर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सील त्याच खाचेवर बसवून उपयोग नाही. अशा वेळी शाफ्टवर पातळ धातूची नळी, म्हणजे रिपेअर स्लीव्ह, बसवतात, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून त्याचा ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणतात. जुनं सील काढण्याआधी ते किती आत बसलं होतं हे मोजून ठेवा. नव्याच्या ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट घेऊन चहूबाजूंनी सारखं ठोका. तिरकं बसलेलं सील गळणारच. एक्सल परत घालताना तो हातांवर तोलून सरळ सरकवा. त्याच्या टोकाच्या दात्यांनी आणि सर्कलिपनं (अडकवायच्या तारेच्या कडीनं) नव्या सीलचा ओठ कापला जातो, आणि नवं सील पहिल्याच दिवशी गळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

एक्सल काढण्यासाठी चाकाचा मोठा नट आणि बॉल जॉइंट सोडावे लागतात. ते परत योग्य टॉर्कला बसले नाहीत तर प्रश्न जिवाचा होतो. टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

गळती थांबवणारं औषध घालावं का?

मी घालत नाही. अशी बहुतेक द्रव्यं रबर मऊ करून फुगवतात. कडक झालेलं सील त्यानं काही काळ ओलावा धरून ठेवतं, पण बुजलेला ब्रीदर, वाकलेला चेंबर, खाच पडलेला शाफ्ट किंवा तडकलेला पाइप यांवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. उलट ठीक असलेली सीलही फुगतात. काढलेलं जुनं ऑइल मात्र डब्यात साठवून पुनर्वापरासाठी द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.

आता थांबा, कारागिराकडे द्या

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालच्या फटीतून ऑइल येत असेल आणि वरून काहीच ओघळत नसेल, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हे घरी करायचं काम नाही. गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, काळं इंजिन ऑइल असेल तर इंजिनच्या मागचं मोठं सील, लाल असेल तर ऑटोमॅटिकच्या पंपाचं किंवा कन्व्हर्टरचं सील. मॅन्युअल गाडीत याबरोबर क्लच घसरत किंवा थरथरत असेल तर ऑइल क्लच प्लेटवर पोचलेलं असतं, आणि ऑइल प्यायलेली प्लेट धुवून पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीकडची सील आणि मॅन्युअल असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या, कारण मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचा असतो.

बॉडीला तडा दिसला, ऑइलमध्ये धातूच्या कपच्या आल्या, ऑटोमॅटिकचं ऑइल काळं होऊन जळका वास येतोय, एक्सलला जास्त खेळ आहे किंवा थेंबाऐवजी धार लागली आहे, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. ऑटोमॅटिक गाडी ओढून न्यायची असेल तर जी चाकं गाडी ढकलतात ती जमिनीवर फिरू देऊ नका, शक्यतो पूर्ण गाडी ट्रकवर चढवून न्या. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समधला पंप फिरत नाही, त्यामुळे चाकांबरोबर आतले भाग ऑइलविना फिरत राहतात.